हुंडणावळ आणि आमची विलायतवारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तात्यापारा, रायपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाची निवड आमची नव्हे. मंडळाचे चिटणीस एका सायंकाळी घरी आले आणि म्हणाले, "साहेब, आपल्या मंडळात आता काशीयात्रेला जाणाऱ्यांपेक्षा बाळंतविडा घेऊन परदेशी जाणारेच अधिक झाले आहेत. प्रत्येकजण एकच विचारतो, पैसे न्यायचे कसे? आपण एकदा फजीत होऊन आला आहात, तेव्हा आपणच बोला." फजिती हीच वक्त्याची पात्रता ठरावी, असा मान आजवर फार थोड्यांना लाभला असेल. आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नाही आणि बँकेतही कधी नोकरी केलेली नाही. सरकारी कचेरीत इतरांचे हिशेब तपासण्यात आयुष्य गेले आणि स्वतःचा एक साधा हिशेब मात्र चुकला, इतकेच आमचे भांडवल.

विषय परकीय चलनाचा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द फारसा ठाऊक नसावा. त्यांचा शब्द होता 'हुंडणावळ'. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोहोचविताना सराफ जी कसर घेई, ती हुंडणावळ. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. त्या काळी यात्रेला निघालेला गृहस्थ कमरेला मोहरा बांधून निघत नसे; निघालाच, तर वाटेत लुटला जाण्याची तयारी ठेवून निघे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले आणि मिळविलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा गमावून बसले, ही कथा आपणां सर्वांना परिचित आहे. शहाणा यात्रेकरू गावच्या पेढीवर रुपये भरी, काशीच्या पेढीवरची हुंडी घेई आणि तेथे ती दाखवून रक्कम उचली. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी, काही दिवसांनी मिळत ती मुदती. १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने प्रवासी धनादेश काढला. तो आमच्या मते दर्शनी हुंडीचाच साहेबी पोशाखातला भाऊ होय. घेताना एक सही, वटविताना दुसरी, आणि दोन्ही जुळल्या की रोकड. हा भाऊही आता बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. वीस वर्षांपूर्वी कोणी परदेशी जाऊन आले असतील आणि तेच धनादेश मागण्याचा त्यांचा विचार असेल, तर त्यांनी तो सोडून द्यावा.

मधल्या एका कालखंडाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या आरंभी आपल्याकडची तरुण मुले शिकण्यासाठी परदेशी गेली, ती खिशात आठ डॉलर घेऊन. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला होता. म्हणजे ते आठ डॉलर साठ रुपयांचे झाले. रायपुराच्या स्थानकावर हावडा-मुंबई मेल यावी, आईने दशम्यांचा डबा हाती द्यावा आणि सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या मुलाजवळ सरकारमान्य रक्कम साठ रुपयांची असावी! मुलगा गरीब घरचा होता म्हणून नव्हे. देशाजवळच डॉलर नव्हते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने हे निर्बंध अधिकच आवळले, आणि १९९१ मध्ये तर रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवण्यासाठी विमानाने धाडावे लागले. त्यानंतर वारे फिरले. १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. २००४ मध्ये सामान्य नागरिकाला वर्षाकाठी २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची वा पाठविण्याची मुभा मिळाली. मध्यंतरी ती कमीजास्त होत २०१५ मध्ये अडीच लाख डॉलरवर गेली. ही मुभा माणशी आहे. नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी. हा बारकावा कृपया ध्यानात ठेवावा. आम्ही तो ठेवला नाही आणि तेथेच चुकलो.

आता फजितीकडे वळतो.

२०२३ च्या शरदऋतूत आमच्या कन्येच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता विलायतेस निघालो. सरकारी नोकराला खाजगी परदेशगमनासाठी खात्याची परवानगी लागते. त्या नमुन्यात अंदाजे खर्च किती आणि तो कोठून करणार, असे रकाने असतात. आम्ही 'स्वतःची बचत' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले. ती बचत तिकडे पोहोचणार कशी, हे नमुन्यात विचारलेले नव्हते, म्हणून आम्हीही स्वतःला विचारले नाही. आमच्याजवळ एक क्रेडिट कार्ड होते, २०११ च्या पहिल्या वारीतून उरलेल्या वीस पौंडांच्या तीन नोटा होत्या आणि पंधरा हजार रुपये रोख होते. लेकीकडेच तर जायचे, असा आमचा युक्तिवाद. सौ. मात्र निघण्यापूर्वी दोनदा म्हणाल्या, "जावई देवमाणूस आहेत, मी नाही म्हणत नाही. पण अहो, पदरचे चार पैसे असू द्यावेत. नातवंडाच्या हातावर ठेवायचे ते त्यांच्याच खिशातून मागून घ्यायचे का?" आम्ही हसून कार्ड दाखविले.

लंडनच्या एका विमानतळावर उतरलो तेव्हा घ्यायला कोणीच नव्हते. कन्येला आदल्या रात्रीच रुग्णालयात न्यावे लागले होते आणि जावई तिच्याजवळ होते; त्यांचा फोन बंद. आमच्या गाडीवर दोन मोठ्या बॅगा, त्यांत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतविडा. तिकिटाच्या खिडकीवर कार्ड पुढे केले, ते नाकारले गेले. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशी वापराची कळ ग्राहकाने स्वतः उघडावी लागते, हा नियम आम्हांस ठाऊक नव्हता. कळ उघडण्यासाठी येणारा सांकेतिक क्रमांक ज्या फोनवर यावयाचा, तो आम्ही विजेची आणि दुधाची बिले भरण्यासाठी पुतण्याच्या स्वाधीन करून आलो होतो. मग जुन्या नोटा काढल्या. खिडकीतल्या बाईंनी त्या मोठ्या कुतूहलाने न्याहाळल्या आणि परत केल्या. इंग्लंडात वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या आहेत. आता प्लास्टिकच्या चालतात. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री काय झाले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही, पण दुसऱ्याच्याही देशात नोटा बदलत असतील, हे आमच्या मनात आले नव्हते.

उरले रुपये. विमानतळावरील चलनबदलाच्या एका गाळ्यात ते दिले. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे एकशे पंचेचाळीसच्या आसपास पौंड यावयास हवे होते. हातात आले एकशे दहाच्या आत. अशी हुंडणावळ पेंढाऱ्यांनीही घेतली नसती! टॅक्सीचा विचार सोडून आम्ही बसने निघालो आणि बॅगा ओढीत रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा नात तीन तासांची झाली होती. सौ.नी तिच्या मुठीत वीस पौंडांची एक नवी नोट ठेवली. परिचारिकेने ती हळूच काढून आमच्या हाती दिली.

येथवरची कथा आम्ही घरोघरी सांगितली आहे आणि लोक हसलेही आहेत. पुढचा भाग आजवर सांगितलेला नाही.

चौथ्या दिवशी पुतण्याच्या मदतीने कार्ड चालू झाले. पहिल्याच आठवड्यात एका दुकानातील यंत्राने विचारले, रक्कम पौंडांत घ्यावी की रुपयांत? आपल्या रुपयाला इतका मान, म्हणून आम्ही आनंदाने रुपयांवर बोट ठेवले. नंतर हिशेब पाहिला. यंत्राने लावलेला भाव बाजारभावाहून बराच चढा होता, आणि त्याशिवाय बँकेने परदेशी वापराचे साडेतीन टक्के व त्यांवर १८ टक्के जीएसटी घेतला होता. म्हणजे शंभर पौंडांमागे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास केवळ हा आकार. आमच्यातला लेखापरीक्षक जागा झाला. आम्ही घरात जाहीर केले की यापुढे अडल्याशिवाय कार्ड बाहेर काढावयाचे नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी कन्येच्या लक्षात आले की आई एकाच बाजूने जेवते आहे. सौ.ची दाढ नऊ दिवस ठणकत होती. गाल सुजला होता आणि तो झाकण्यासाठी त्या थंडीच्या निमित्ताने डोक्याला रुमाल बांधून वावरत होत्या. बाळंतिणीची पथ्ये, बाळाचे न्हाऊमाखू, स्वयंपाक, सारे त्या दुखण्यासह चालले होते. तिकडे दाताच्या डॉक्टरांची फी जबर असते, हे त्यांनी शेजारच्या बाईंकडून ऐकले होते. जावयांनी तात्काळ डॉक्टर गाठला आणि पैसेही भरले. आम्ही रागावून विचारले, बोलल्या का नाही? तर त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, अडल्याशिवाय कार्ड काढायचे नाही. मला वाटले, अजून अडलेले नाही."

या वाक्याला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते; आजही नाही. त्या रात्री जावयांच्या टेबलावर बसून आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे जे सांगणार आहोत ते त्या अभ्यासातून आलेले आहे.

सर्वप्रथम भावाविषयी. वर्तमानपत्रात छापलेला भाव हा घाऊक बाजारातला असतो. तुम्हा-आम्हाला तो मिळत नाही. आपल्याला विकण्याचा भाव त्याच्या वर आणि आपल्याकडून परत घेण्याचा भाव त्याच्या खाली असतो. ही दरी म्हणजेच आजची हुंडणावळ. 'कमिशन शून्य' अशी पाटी जेथे दिसेल तेथे समजावे की कमिशन भावात मुरविले आहे. तेव्हा भाव विचारू नका; "एक हजार पौंड हवेत, सर्व कर आणि आकार धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" एवढेच विचारा, आणि दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी विचारा. पौंडामागे तीन रुपयांचा फरक म्हणजे हजारामागे तीन हजार होतात. नोटांचा भाव कार्डावरच्या भावापेक्षा बहुधा महाग असतो, कारण नोट कोणीतरी वाहून आणावी लागते, सांभाळावी लागते आणि तिचा विमा उतरवावा लागतो. विमानतळावर माणूस अडलेला असतो, म्हणून तेथील भाव सर्वांत वाईट. रायपुराहून जाणाऱ्याला मुंबईत किंवा दिल्लीत विमान बदलावे लागते. तेथे वेळ आहे म्हणून चलन तेथेच घेऊ, असे कोणी म्हणेल तर त्याने आमचे एकशे दहा पौंड आठवावेत. डॉलर, पौंड, युरो यांखेरीज अन्य चलन हवे असेल तर गावात ते तयार मिळेलच असे नाही. आठवडाभर आधी सांगून ठेवावे.

आता साधन कोणते? आम्ही स्वतः आगाऊ रक्कम भरलेल्या प्रवासी कार्डाच्या, ज्याला फॉरेक्स कार्ड म्हणतात त्याच्या पक्षाचे झालो आहोत. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट दाखवून, विहित अर्ज भरून ते मिळते. भरण्याच्या दिवशीचा भाव कायम होतो. पुढे रुपया घसरला तर आपण सुरक्षित, वधारला तर थोडी हळहळ. ज्या देशी जावयाचे त्याच देशाचे चलन त्यात भरावे. डॉलर भरून पौंड खर्च केले तर मधल्या बदलाचा आकार पुन्हा पडतो, म्हणजे एकाच रकमेची दोनदा हुंडणावळ. हरवले तर फोन करून बंद करता येते, म्हणून त्याचा क्रमांक आणि बँकेचा दूरध्वनी कागदावर लिहून वेगळ्या बॅगेत ठेवावा. फोनमध्ये ठेवू नये, कारण फोनही त्याच पिशवीतून जातो. लंडनच्या लाल बसगाड्यांत जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. तेथे कार्ड हवेच. दुकानातल्या यंत्राने रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारले की डोळे मिटून स्थानिक चलन म्हणावे, मग कार्ड कोणतेही असो. यंत्रातून रोकड काढण्याचा आकार दर खेपेला पडतो, तेव्हा दहा-दहा पौंड काढीत बसू नये.

आणि हे कार्ड सौ.च्या नावाने वेगळे घ्यावे. पुरवणी कार्ड नव्हे. त्यांच्या पॅनवर, त्यांच्या सहीने, त्यांच्याच गुप्त क्रमांकाचे. गृहिणीला स्वतःचे उत्पन्न नाही म्हणून मिळणार नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. मुभा माणशी आहे, हे आम्ही आरंभीच सांगितले. ते कार्ड कधी काढावयाचे याविषयी यजमानांनी कोणताही जाहीरनामा काढू नये.

क्रेडिट कार्ड जवळ असावे, पण राखीव म्हणून. हॉटेलात किंवा भाड्याच्या मोटारीसाठी अनामत अडकवून ठेवतात, तेथे ते उपयोगी. निघण्यापूर्वी परदेशी वापराची कळ उघडावी, खर्चाची मर्यादा ठरवावी, आणि ज्या फोनवर सांकेतिक क्रमांक येतो तो फोन, कृपा करून, स्वतःबरोबर न्यावा. भारतातील बिले पुतण्याला अन्य मार्गाने भरता येतील.

रोख नोटा हव्यातच, पण थोड्या. नियमाने एका खेपेस तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घेता येतात. काही मोजक्या देशांसाठी अपवाद आहेत. आमच्या मते दोघांना पहिल्या चार दिवसांपुरत्या पुरेत. जर्मनीत आणि जपानात रोखीची सवय अजून बरीच आहे, स्वीडनात ती जवळजवळ सुटली आहे. म्हणून ज्याच्या घरी जातो त्यालाच विचारावे. नोटा घेताना पन्नास हजारांपलीकडची रक्कम रुपयांत रोखीने देता येत नाही, खात्यातूनच द्यावी लागते. यूपीआयविषयी तरुण मंडळी उत्साहाने बोलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या तिकिटासाठी ते सुरू झाले, त्याच महिन्यात श्रीलंका व मॉरिशसमध्येही झाले. सिंगापूर, दुबईकडेही चालते. जेथे चालेल तेथे वापरावे, पण त्याच्या भरवशावर विमानात बसू नये.

एका मोहाविषयी बोलणे प्राप्त आहे. "पावती नको असेल तर पौंडामागे दोन रुपये कमी," असे सांगणारा गृहस्थ प्रत्येक शहरात भेटतो; आम्हांसही भेटला. त्याच्याकडून घेतलेल्या नोटा खोट्या निघाल्या तर तक्रार कोणाकडे करणार? परवानाधारकाखेरीज अन्य कोणाशी असा व्यवहार करणे हा कायद्याचा भंग आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. शिवाय उरलेले चलन परत विकताना पावती जवळ असलेली बरी.

मोठ्या रकमा नेणाऱ्यांसाठी दोन शब्द. एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपलीकडे गेल्यास प्रवासखर्चासाठीच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. ही दहा लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची आहे, त्यापूर्वी ती सात लाख होती. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती करून मिळते, पण तोवर अडकते. अमेरिकेत उतरताना कुटुंबाजवळ मिळून दहा हजार डॉलरहून अधिक असतील तर तसे लिहून द्यावे लागते. आपल्याकडे परतताना नोटा पाच हजार डॉलरहून अधिक किंवा सर्व मिळून दहा हजारांहून अधिक असतील तर तसेच. नेण्यास बंदी नाही, लपविण्यास आहे.

परत आल्यावर उरलेले चलन एकशे ऐंशी दिवसांत परत करावे, असा नियम आहे. दोन हजार डॉलरपर्यंत मात्र जवळ ठेवता येतात. आम्ही म्हणतो, ठेवू नका. आमच्या त्या तीन नोटा बारा वर्षे कपाटात जपून ठेवल्याने बाद झाल्या. त्यांचे काय झाले, असे चिटणीस मघाशी विचारीत होते. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कधीही बदलून देते, मग त्या कितीही जुन्या असोत. परतण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघे थ्रेडनीडल स्ट्रीटवर गेलो, ओळखपत्र दाखवून रांगेत उभे राहिलो आणि नोटा बदलून घेतल्या. साठ पौंड. सौ.नी ते आमच्याकडून मोजून घेतले आणि घरी येताच पाकिटात घालून जावयांपुढे ठेवले, "दाढेचे" म्हणून. दाढेचे बिल त्याहून पुष्कळ अधिक होते. जावयांनी पाकीट घेतले, नमस्कार केला आणि किती आहेत ते पाहिले नाही. आमच्या मनातून हा मुलगा त्या दिवशी फार वर चढला.

येत्या मार्गशीर्षात पुन्हा जाणे आहे. सौ.चे कार्ड आले आहे. त्याचा गुप्त क्रमांक आम्हांस ठाऊक नाही. ज्यांना अर्ज भरताना अडचण येईल त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावे, पासपोर्ट आणि पॅन घेऊन यावे. चहा मिळेल. त्या दिवशीचा भाव मात्र येताना दोन ठिकाणी विचारून यावे.